बाबांचा चष्मा

माणूस असणे ही माझी नोकरी होती. ओळखपत्रावर हुद्दा वेगळा होता, 'मजकूर सहायक' की असंच काहीतरी, पण पहिल्या दिवशी मॅडमनी स्वच्छ सांगितलं, "तुम्ही इथे यायचं, माणसासारखं लिहायचं आणि घरी जायचं." मी मान डोलावली. तोवर आयुष्यात कुठल्याच नोकरीला मी इतका लायक ठरलो नव्हतो.

कंपनी एक बोलणारं-लिहिणारं यंत्र बनवत होती. ऑफिसात सगळे त्याला बाळ म्हणायचे. बाळ मजकुरावर वाढतं. जे वाचेल ते शिकतं. सुरुवातीला त्याला माणसांनी लिहिलेलं सापडेल ते सगळं भरवलं आणि बाळ छान गुटगुटीत झालं. घोटाळा पुढे झाला. बाळ लिहू लागलं, इतर कंपन्यांची बाळंही लिहू लागली, लोकांनी ते लिखाण उचलून जिथे तिथे चिकटवलं. नंतर कंपनीने बाहेरून नवा मजकूर गोळा करून आणला, तर त्यातला बराचसा बाळांनीच लिहिलेला. म्हणजे बाळाला बाळाचंच उष्टं भरवलं गेलं, आणि तेही एकदा नाही, फेरीमागून फेरी.

त्याचा परिणाम मॅडमनी आम्हाला पडद्यावर दाखवला. नवरा-बायकोची दहा वेगवेगळी भांडणं लिही, असं बाळाला सांगितलं होतं. दहाच्या दहा भांडणं खिडकीपाशी सुरू झाली आणि वाफाळत्या चहावर मिटली. कुणी दार आपटलं नाही, कुणी कुणाचं माहेर काढलं नाही. मी लग्न झालेला माणूस आहे. मला ते वाचून बाळाची काळजी वाटली आणि थोडा हेवाही वाटला.

"आधी कडेची माणसं जातात," मॅडम म्हणाल्या. "तिरसट, विक्षिप्त, हजारात एखादाच करेल असं काहीतरी करणारी. दर फेरीला थोडी थोडी गळतात. मधली तेवढी राहतात. मग त्या मधल्यांमधली मधली. शेवटी सगळं जग म्हणजे एकच गोड माणूस होऊन बसतं." मॅडम इंजिनिअर होत्या, एरवी कामापुरतं बोलायच्या. त्या दिवशी त्या घाबरल्यासारख्या दिसल्या.

म्हणून आम्हाला नेमलं होतं. न उघडणाऱ्या खिडक्यांचा एक लांब हॉल, ओळीने टेबलं, आणि कुठल्याही तारेशी न जोडलेले संगणक. दारावरचा वॉचमन आमचे फोन काढून घ्यायचा आणि खिसे चाचपायचा, कारण बाहेरचं एक वाक्यही आत यायला नको होतं. लिहिलेलं सगळं आधी चाळणीतून जायचं. चाळणी म्हणजे मजकूर माणसाचा की यंत्राचा हे सांगणारा प्रोग्राम. माणसाचा असेल तर हिरवा दिवा, यंत्राचा असेल तर लाल. चाळणी हेसुद्धा एक यंत्रच होतं आणि आमच्या पास झालेल्या मजकुरावरच ती शिकत होती. माणूस ओळखायला यंत्र ठेवलंय, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मला तर नाहीच नाही, कारण मी पहिल्या फटक्यात पास झालो होतो.

विषय होता 'वडील'. मी लिहिलं: 'बाबा सकाळपासून चष्मा शोधत होते. सगळे खण उपसले, उशा झटकल्या. चष्मा त्यांच्या कपाळावरच होता. आईने सांगितलं नाही. ती फक्त हसली. त्या हसण्यात चाळीस वर्षांचा संसार होता.'

दिवा असा हिरवागार लागला की शेजारच्या टेबलावरच्याने मान वळवून पाहिलं. हा शेजारी पूर्वी रेडिओवर बातम्या वाचायचा, म्हणून त्याला सगळे निवेदक म्हणायचे. मॅडमनी माझा परिच्छेद मोठ्या अक्षरात छापून नमुना म्हणून भिंतीवर लावला, पाण्याच्या यंत्राशेजारी. त्यानंतर मला फार तहान लागू लागली. तिथे उभं राहून पेला भरताना मी ती सहा वाक्यं दुसऱ्या कुणाची असल्यासारखी वाचायचो आणि मनात म्हणायचो, वा. आता हसू येतं. ती खरोखरच दुसऱ्या कुणाची तरी होती.

इथे माझ्या आधीच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. शुभेच्छापत्रांच्या एका साइटवर मी तीन वर्षं यंत्राने लिहिलेले संदेश तपासत होतो. आईला, वडिलांना, साहेबांना, घटस्फोटित मैत्रिणीला. अर्जातली ती ओळ वाचून मॅडम म्हणाल्या होत्या, "वा, अनुभव आहे." त्या ओळीवर आम्ही दोघांनीही जरा थांबायला हवं होतं. वॉचमन खिसे तपासायचा; डोकं तपासायचं कुणाला सुचलं नाही.

याच सुमारास बाबांचा फोन आला. बाबा गोदीत क्रेन चालवायचे. सगळी नोकरी त्यांनी आकाशात टांगलेल्या एका काचेच्या खोलीत बसून केली. खाली उभा असलेला माणूस हातांनी खुणा करायचा आणि बाबा त्याप्रमाणे माल उचलायचे. मूठ वळून वर धरली की थांब. तळवा खाली करून हलवला की सावकाश सोड. बोट वर करून गोल फिरवलं की उचल, वर घे. दिवसभर दुसऱ्याचे हात बघून काम केल्यावर घरी आले की हात त्यांचे आणि क्रेन आम्ही. टीव्हीचा आवाज तळव्याने कमी व्हायचा, ताटात वाढणं मुठीने थांबायचं, थांबलेलं बोलणं फिरत्या बोटाने पुन्हा सुरू व्हायचं. ताई म्हणते, ते फोनवर बोलतानासुद्धा खुणा करतात.

"पंचाहत्तरी आहे माझी," बाबा म्हणाले. "ताई हॉल घेतेय. गोदीतले जुने लोक येणार आहेत."

"हो, तिने सांगितलं."

"तू दोन शब्द बोल."

बाबांनी उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही. त्यांना तहानही लागली तर ते पाण्याकडे बघत बसायचे.

"तू लोकांबद्दल लिहितोस ना कंपनीत? मग एकदा माझ्याबद्दल लिही. म्हणजे कळेल तरी तुला काय काय दिसलं ते." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. नंतर ताईचा फोन. "ते आठवडाभर आरशासमोर शर्ट घालून बघताहेत. जरा नीट कर हं."

मी म्हटलं, काळजी करू नकोस. वडील हा माझा विषयच आहे.

पंचाहत्तरीच्या आदल्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. चेहरा उतरलेला. पडद्यावर बाळाच्या ताज्या गोष्टी होत्या. न्यायाधीश निकाल देताना चष्मा शोधत होते. तो कपाळावर होता. पाणबुड्या समुद्राच्या तळाशी चष्मा शोधत होता, तोही कपाळावर. एक चोर तिजोरी फोडायला गेला आणि चष्म्यासाठी खिसे उपसत बसला. पोलिसांनी त्याला सांगितलं नाही. ते फक्त हसले. त्या हसण्यात चाळीस वर्षांची सेवा होती.

"कुणीतरी बाहेरचं आत आणतंय," मॅडम म्हणाल्या.

मी उठून उभा राहिलो. मला एवढा राग क्वचित येतो. "मॅडम, बाहेरचं कुणी काही आणत नाहीये. ते माझे वडील आहेत! हे सगळे भिंतीवरचं बघून माझ्या वडिलांची नक्कल करताहेत. याने," मी निवेदकाकडे बोट केलं, "चष्मा फ्रिजमध्ये ठेवला आणि त्याला हिरवा दिवा मिळाला!"

निवेदकाने मान खाली घातली. मॅडम म्हणाल्या, "मी जुना साठा शोधून बघते. हे पहिल्यांदा कुठून आलं ते कळू दे."

"जरूर शोधा," मी म्हणालो. माझ्या जागी दुसरा कुणी एवढा मूर्खपणा करत असता तर मला बघायला फार आवडलं असतं.

हॉल गोदी कामगारांच्या जुन्या क्लबचा होता. घडीच्या खुर्च्या, कागदी पेले, घरघरणारा माइक आणि छताला एक लुकलुकणारी ट्यूब. पुढच्या ओळीत बाबा, इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटण लावून. शेजारी त्यांचे गोदीतले मित्र, सगळे जाड मनगटांचे. मागे शेजारीपाजारी.

मी वाचायला सुरुवात केली. बाबा कष्टाळू होते, अबोल होते, त्यांच्या खडबडीत हातांमागे एक हळवं मन होतं. आवाज छान लागला होता. मग मी माझ्या हुकमी वाक्यांवर आलो. बाबा सकाळपासून चष्मा शोधत होते. मागच्या ओळींतून प्रेमळ हसू आलं. पुढची ओळ हसली नाही. मी वर पाहिलं तर बाबांनी मूठ वळून वर धरली होती.

भारावलेत, मला वाटलं. मी वेग कमी केला आणि ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. बाबांनी मूठ आणखी वर नेली, दंड ताठ करून. बाजूचे मित्र एकदा मुठीकडे, एकदा माझ्याकडे बघू लागले. तेव्हा मी काय करावं? मीही मूठ वळली आणि उत्तरादाखल वर धरली. आम्ही बाप-लेक भर सभेत एकमेकांना मुठी दाखवत होतो आणि मी त्या हसण्यातल्या चाळीस वर्षांच्या संसारापर्यंत पोहोचलो. मागे दोन बायका डोळे पुसत होत्या. आई जिवंत असती तर तिने मला तिथल्या तिथे खाली बसवलं असतं.

टाळ्या संपल्यावर मी बाबांना मिठी मारायला गेलो. अगदी जवळ गेलो तेव्हा त्यांचा चेहरा पाहिला. नाकावर वळ नव्हता. कानांमागे काही नव्हतं. खिशात काही नव्हतं. बाबांना चष्मा नव्हता. कधीच नव्हता.

"छान वाचलंस," बाबा म्हणाले. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "कोण होते ते गृहस्थ?"

चिडून विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी एखाद्या पाहुण्याची चौकशी करावी तसं विचारलं.

ताईने मला कोपऱ्यात, केकच्या टेबलामागे ओढलं. "बाबांना चष्मा? अरे, डोळ्यांवर त्यांची नोकरी होती! गोदीत दरवर्षी डोळे तपासायचे तेव्हा हे शेवटची ओळ वाचून झाल्यावर तक्त्याच्या तळाशी छापखान्याचं नाव असायचं तेही वाचून दाखवायचे. डॉक्टर वैतागायचे. पंचाहत्तराव्या वर्षी बिनचष्म्याचे पेपर वाचतात, दुसरं आहे काय त्यांच्याकडे मिरवायला? आणि तू तेच घालवलंस."

"पण मूठ? ती मूठ कशासाठी..."

"थांब म्हणत होते, गाढवा."

मी खुर्चीवर बसलो. ठीक आहे, म्हटलं, चष्मा चुकला. खरं काहीतरी आठवू. डोळे मिटले. बाबा खिडकीपाशी उभे आहेत. हातात वाफाळता चहा. ते माझ्या खांद्यावर हात ठेवतात. छे. बाबांनी कुणाच्या खांद्यावर हात ठेवला असता तर तो माणूस दचकून पळाला असता. पुन्हा डोळे मिटले. पुन्हा खिडकी, पुन्हा चहा. ज्या बापाने मला वाढवलं तो डोक्यातून गळून गेला होता आणि त्याच्या जागी एक गोड गृहस्थ पाय पसरून बसले होते. मला खरोखर रडू येऊ लागलं, आणि त्याही क्षणी मनात 'अश्रूंनी वाट मोकळी करून दिली' असं वाक्य तयार झालं. मी ताबडतोब रडणं थांबवलं.

तेवढ्यात ती ट्यूब गेली. कुणीतरी नवी ट्यूब आणली आणि ताई, तिच्या नेहमीच्या सवयीने, स्टूल ओढून वर चढली. बाबा केक टाकून धावत आले. त्यांनी स्टुलाचे पाय दोन्ही हातांनी घट्ट धरले, चेहरा पांढराफटक, आणि खालून ओरडू लागले, "डावीकडे! अजून! सावकाश फिरव! हात वर राहू दे! घाई नको!" गोदीतल्या एका मित्राने हसत विचारलं, "तूच का नाही चढत रे?" बाबा म्हणाले, "मी कामावर नसलो की जमिनीवर असतो."

आणि मला सगळं एकदम आठवलं. आमच्या घरी बल्ब आई बदलायची, नंतर ताई, नंतर मी. ढगात बसून टनावारी माल उचलणारा माणूस घरी स्टुलावर चढत नसे. तो स्टूल धरून खालून आरडाओरडा करायचा, आणि बल्ब लागल्यावर जणू त्यानेच लावला अशा थाटात हात झटकायचा. लहानपणी आम्हाला याची केवढी लाज वाटायची! त्या क्षणी मात्र मला इतका आनंद झाला की मी कागदी पेला चुरगळून टाकला. बाबा होते. अजून होते माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगायला गेलो, तर त्याच माझी वाट बघत होत्या. जुन्या साठ्यात त्यांना चष्मेवाले वडील हजारोंनी सापडले होते. मी नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधीचे, सगळे यंत्राने लिहिलेले, बरेचसे शुभेच्छापत्रांतले.

"तुमच्या वडिलांना चष्मा आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी भिंतीवरचा कागद काढला. त्या जागी चार चिकटपट्ट्यांचे डाग राहिले. मी निवेदकाची माफी मागितली. तो म्हणाला, "खरं सांगू? माझ्याही वडिलांना नव्हता." मग मी जागेवर बसलो आणि बाबांचं स्टूल लिहून काढलं. वाक्यं ओबडधोबड झाली. एकात 'ओरडायचे' तीनदा आलं. मी ते तसंच ठेवलं आणि चाळणीत टाकलं.

लाल दिवा.

पडद्यावर कारणही आलं: 'पात्रात विसंगती. क्रेनचालक उंचीला घाबरणे असंभाव्य. मजकूर यंत्रनिर्मित वाटतो.'

मॅडमनी परिच्छेद वाचला. पुन्हा वाचला. "हे खरं आहे?"

"अगदी खरं."

त्या माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या. "म्हणजे चाळणीपण गेली," त्या हळूच म्हणाल्या. "आम्ही तिला तुमचं हिरवं हिरवं दाखवून शिकवलं ना." त्यांनी तिथेच चाळणी बंद केली. आता सगळं माणसांनी वाचून ठरवावं लागणार होतं, आणि माणसं कोणती, तर आम्ही. त्यांनी मला काही दिवस घरी पाठवलं आणि डॉक्टर सांगतात तसं पथ्य सांगितलं: काही वाचायचं नाही, काही लिहायचं नाही, वडिलांकडे जाऊन बसायचं.

मी गेलो. बाबांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं आलास, स्वयंपाकघरातली ट्यूब गेलीय." भाषणाबद्दल एक अक्षर नाही. मी स्टुलावर चढलो. त्यांनी खाली स्टुलाचे पाय धरले.

वर तोंड करून त्यांच्याशी बोलणं मला सोपं गेलं. "बाबा, मी दुसरं लिहिलं. तुमच्याबद्दल. पण यंत्राने नापास केलं."

"नापास? कशात?"

"क्रेन चालवणारा माणूस स्टुलाला घाबरतो हे त्याला पटलं नाही."

"घाबरत नाही मी!" बाबा उसळले. स्टूल हललं. "क्रेनला कठडा असतो. चारी बाजूंनी. स्टुलाला कुठे आहे कठडा? हे लिहिलंस का तू?"

"नाही."

"मग नापास होणारच."

मी ट्यूब धरून उभा. खालून ते म्हणाले, "पाठ आहे का?"

"आहे."

"म्हण."

मी म्हणायला लागलो. आमच्या घरी बल्ब आई बदलायची, नंतर ताई, नंतर मी. बाबा म्हणाले, "एकदा शेजारीणसुद्धा, ते घाल." मी ते घातलं. बाबा स्टूल धरून खालून ओरडायचे. बाबा म्हणाले, "ओरडायचो नाही, सांगायचो." मी म्हटलं, ओरडायचात. मी पुढे गेलो. आम्हाला त्यांची लाज वाटायची, हे वाक्य आलं. ते म्हणताना मी खाली बघितलं.

बाबांनी स्टुलावरचा एक हात काढला होता आणि मूठ वर धरली होती.

या वेळी मी थांबलो. ट्यूब हातात, मान अवघडलेली, तोंडातलं वाक्य अर्धं. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा आवाज येत राहिला. बाबा माझ्याकडे बघत होते, त्या डोळ्यांनी, ज्यांना छापखान्याचं नाव दिसायचं.

"लाज वाटायची?" त्यांनी विचारलं.

"हो. तेव्हा."

त्यांनी यावर विचार केला. मग मूठ उघडली, एक बोट वर केलं आणि ते हवेत सावकाश गोल फिरवायला लागले.